चतुर्थीच्या बॅगेतला फोन

चतुर्थीला कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर उतरणाऱ्या चाकरमान्याचा एक फोन खिशात असतो आणि एक बॅगेत. खिशातला नवा. बॅगेतला कालपरवापर्यंत खिशात होता. आता तो बाबांचा होणार, नाहीतर आयेचा, नाहीतर बारावीला गेलेल्या पुतण्याचा. घरात आधीपासून असलेला त्याहून जुना फोन मग आणखी खाली सरकतो. रापणीवर न्यायला, कलमांच्या राखणीला बसणाऱ्या गड्याकडे, किंवा सरळ हडप्यात, म्हणजे घरच्या पेटीत. एकेका फोनचे तीन-तीन मालक होतात आणि दर वेळी तो समुद्राच्या थोडा अधिक जवळ जातो.

२०२५मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानाबाहेर नव्या आयफोनसाठी रांग लागली, रेटारेटी झाली, सगळ्या वाहिन्यांवर दिसली. सतरा क्रमांकाच्या त्या आयफोनची किंमत तेव्हा ८२,९०० रुपयांपासून पुढे होती. त्या रांगेचं दुसरं टोक मालवणात असतं, फक्त ते इथे पोचायला तीन-चार वर्षं लागतात.

जुना फोन ठेवावा की नवा घ्यावा, या प्रश्नाला शहरात जी उत्तरं मिळतात ती कॅमेऱ्याची, वेगाची, पडद्याच्या चकाकीची असतात. या लेखासाठी मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग असं फिरताना कॅमेऱ्याविषयी कुणी आपणहून बोललं असेल तर ते फक्त पर्यटनातल्या मंडळींपैकी. बाकीच्यांचे प्रश्न तीनच होते. रेंज पकडतो का, चार्ज टिकतो का, आणि पैसे येतात का.

मालवणच्या बाजारपेठेत दुरुस्तीचं एक टपरीवजा दुकान आहे. काचेखाली फोल्डरांचे, म्हणजे सुट्या पडद्यांचे, खोके रचलेले, वर भिंगाचा दिवा, बाजूला मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. वायरीहून आलेले एक काका फोन पुढे करून उभे होते. चार्जर लावला की एकदा लुकलुकतो आणि बंद.

"चार्जच होना नाय. झील म्हणता, नवो घेवया."

दुकानातल्या पोराने मागचं झाकण उघडलं, खालची पट्टी, म्हणजे सीसी बोर्ड, काढून भिंगाखाली धरली आणि मलाही बघायला सांगितलं. चार्जिंगच्या पिनेवर हिरवट-पांढरा थर साचलेला होता. त्यात वाळूचा एक कण आणि खिशातला कापूस. तांब्याच्या भांड्यावर चढते तीच ही कळंक. खारी हवा आणि ओल मिळाली की तांब्याला ती धरतेच.

"काका, फोन बरो आसा. मिठान पिन खाल्लेली आसा. सीसी बोर्ड बदलतंय, सांजेक येवा."

"मगे नवो नको?"

"कित्याक?"

हे "कित्याक?" मला फार आवडलं. दुकानात फोनही विकायला ठेवलेले होते, तरी पोरगा असं म्हणाला. नंतर त्याने सांगितलं की पावसाळ्यात त्याच्याकडे येणारे बहुतेक फोन "मेलेले" नसतात. कुणाची पिन सडलेली, कुणाच्या स्पीकरच्या जाळीत मीठ बसलेलं, कुणाची बॅटरी फुगून झाकण वर आलेलं. आणि घरचे मात्र नवा घ्यायचा ठरवून आलेले असतात.

फोनवर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असतं म्हणून बरेच पर्यटक निर्धास्त असतात. आयपी ६७चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही गोड पाण्यात, प्रयोगशाळेत, फोन कोरा असताना. एकदा पडून चौकट हलली किंवा बाहेर झाकण उघडून बसवलं की ती खात्री संपली. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, त्सुनामी आयलंडच्या आजूबाजूला, सुट्ट्यांत किती फोन बुडतात याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पण बुडालेल्या फोनवरचा गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक असतो. तांदळाचा डबा. तांदूळ पाणी ओढून घेतो ही समजूत जगभर आहे, आणि ॲपलने तर २०२४मध्ये आपल्या सूचनांत स्पष्टच लिहिलं की तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जातात. मीठ तर तांदूळ काढूच शकत नाही. खाऱ्या पाण्यात पडलेला फोन लगेच बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, आणि त्याच दिवशी उघडून बोर्ड साफ करून घ्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत मिठाने आपलं काम केलेलं असतं.

बॅटरीचं गणित याहून सोपं आहे आणि तेच सर्वांत जास्त चुकतं. लिथियमच्या बॅटरीला आयुष्य असतं ते चार्जिंगच्या फेऱ्यांत. ॲपलच्याच हिशोबाने आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात, पुढच्या मॉडेलांच्या हजार फेऱ्यांनंतर. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून विकल्या जाणाऱ्या फोनांना ८०० फेऱ्यांची अट घातली आहे, शिवाय सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत असंही बजावलं आहे. रोज एक फेरी धरली तर ५०० फेऱ्या दीड वर्षातच होतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी फोन "स्लो झाला", "दुपारपर्यंत टिकत नाही" ही तक्रार बहुधा बॅटरीची असते. ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये कबूलच केलं होतं की बॅटरी थकलेल्या फोनांचा वेग ते मुद्दाम कमी करत होते, आणि फ्रान्समध्ये याबद्दल २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंडही भरला. नवी बॅटरी घातली की तेच फोन पूर्ववत धावायचे.

मध्यम किमतीच्या फोनची चांगली बॅटरी हजार-दोन हजारांत बसते. नवा बरा फोन दहा-पंधरा हजारांच्या खाली नाही, त्यात १८ टक्के जीएसटी. २०२५च्या सप्टेंबरात टीव्हीचा कर २८वरून १८वर आला, फोनचा होता तिथेच राहिला. बॅटरी घेताना मात्र "फर्स्ट कॉपी"ला नको म्हणायचं. होडीवर उन्हात पडलेल्या फोनात फुगणारी बॅटरी ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

आता समुद्रावर जाऊ.

मोबाईलने मासेमारांचं काय भलं केलं, याचा सर्वांत नावाजलेला अभ्यास केरळातला आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात तिथल्या तारलीच्या बाजारांचे दर तपासले. फोन येण्याआधी एका बंदरात मासळी फेकून द्यायची वेळ यायची आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. फोन आले, होडीवरून दर विचारता येऊ लागला, आणि ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाचा दर ४ टक्के उतरला. हे सगळं बटणांच्या फोनांवर झालं. त्यात कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हतं; आवाज जात होता तेवढा पुरला.

मालवणच्या होड्यांवर आजही अनेकजण दोन फोन नेतात. स्मार्टफोन घरी किंवा डब्यात; हाताशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला, बटणांचा. किनाऱ्याजवळ आलं की त्यावरून घरी सांगायचं, बर्फाची सोय करायची, मालवणात बांगड्याला काय दर फुटलाय आणि वेंगुर्ल्यात काय, ते विचारायचं. खोल पाण्यात फोन नुसता ठोकळा. जीएसएमची तांत्रिक मर्यादाच ३५ किलोमीटरची, आणि प्रत्यक्षात टॉवर किती उंच, मध्ये डोंगर आहे की नाही यावर ती बरीच आधी संपते. त्यापुढे व्हीएचएफ रेडिओ. नवा, महागडा फोन घेऊन हे अंतर वाढत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

मात्र चित्र बदलू लागलं आहे, हेही खरं. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात केली: १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख नौका, ३६० कोटी रुपये. इस्रोच्या या यंत्रातून उपग्रहामार्फत संकटाचा संदेश जातो, वादळाचा इशारा येतो. पण तो इशारा वाचायचा कुठे? ब्लूटूथने जोडलेल्या स्मार्टफोनवर, 'नभमित्र' या ॲपमध्ये, आपल्या भाषेत. म्हणजे होडीवरच्या डब्यात टाकलेला तिसऱ्या मालकाचा फोन आता जीव वाचवण्याच्या साखळीतला एक दुवा होणार. त्याचं ब्लूटूथ चालतं का, ॲप त्याच्यावर उतरतं का, हे जून-जुलैच्या बंदीकाळात होड्या वर ओढलेल्या असताना तपासून ठेवायचं काम आहे.

वादळाची आठवण काढायला कुणाला सांगावं लागत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्याला खेटून गेलं. खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या आणि ज्यांचा फोन चार्ज होता त्यांनाही रेंज नव्हती. तेव्हा नवा-जुना सगळे सारखेच.

रेंजचा विषय निघाला की सिंधुदुर्गात प्रत्येकाकडे सांगण्यासारखं असतं. कुठे पायरीवर, कुठे माडाच्या बुंध्याशी, कुठे सड्यावर. २०२०च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची पशुवैद्यकीची विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून, भर पावसात ऑनलाइन वर्गाला बसायची, ते देशभर गाजलं होतं. त्यानंतर टॉवर वाढले. पण टॉवर वाढले म्हणून आपल्या फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि फोन बदलण्याचं मला सर्वांत पटलेलं कारण इथेच सापडतं.

प्रत्येक सिम-कंपनी ठरावीक पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, सिग्नल सोडते. बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी, ज्याचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ला देशभरातल्या साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांसह झालं, ते मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७००ची लहर लांब जाते, डोंगराला वळसा घालते, चिऱ्याच्या जाड भिंतीतूनही आत येते. आपल्या भागाला तीच हवी. तिला बँड २८ म्हणतात, आणि पाच-सात वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त फोनांना तो बँडच नाही. समोर टॉवर उभा, शेजाऱ्याच्या फोनवर चार दांड्या आणि आपल्या फोनवर फुली, असं झालं तर दोष सिमचा नसतो. जिओचं फाइव्ह-जीही ७००च्या पट्ट्यावर आहे. एअरटेलचा भर ३,५०० मेगाहर्ट्झवर, जो वेगाने धावतो पण भिंतीला आणि झाडीला दबतो. तेव्हा गावासाठी फोन घेताना "फाइव्ह-जी आहे का" हा प्रश्न अर्धवट आहे. फोनच्या माहितीपत्रकात आपल्या सिमचे बँड आहेत का, हे बघायचं, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याच्या फोनात सिम टाकून ओटीवर उभं राहून बघायचं. फुकटात होतं.

तारकर्लीत निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका बाईंनी मला त्यांचा फोन दाखवला. मुलाने पाच वर्षं वापरून दिलेला. पडद्याला कोपऱ्यात तडा, पण फोटो सुरेख काढतो. खोल्यांचे, वडे-सागोतीचे, सोलकढीच्या वाट्यांचे फोटो त्याच्यावरूनच जातात. बुकिंग व्हॉट्सॲपवर, आगाऊ रक्कम यूपीआयवर, राहिलेले पैसे निघताना क्यूआरवर. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी या फोनवरून जेवढे पैसे फिरतात तेवढे मुलाच्या नव्या फोनवरून महिन्यातही फिरत नसतील. तो पगारदार, त्याचे पैसे एक तारखेला आपोआप जमा होतात.

मी सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघितली. साडेतीन वर्षांपूर्वीची.

हे फार थोडे लोक बघतात. फोन चालतो, याचा अर्थ फोन राखला जातोय असा नसतो. गुगल वेळोवेळी अँड्रॉइडमधल्या फटी बुजवते, पण तो गिलावा आपल्या फोनपर्यंत आणायचा की नाही हे कंपनी ठरवते. २०१९-२०मध्ये घेतलेल्या दहा हजारांच्या आतल्या फोनांना दोन-तीन वर्षंच तो मिळाला. खुद्द गुगलनेही अँड्रॉइड १२साठी हे काम ३१ मार्च २०२५ला थांबवलं. महागड्या फोनांची गोष्ट वेगळी: पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगच्या एस २४पासून सात-सात वर्षांचं आश्वासन आहे. आयफोन बराच काळ टिकतात, पण २०१८चा आयफोन एक्सआर २०२५च्या नव्या प्रणालीतून बाहेर पडला, आणि गावात "झीलान आयफोन दिल्यान" म्हणून मिरवला जातो तो बहुधा हाच असतो. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३पासून अँड्रॉइड ५च्या खालचे फोन सोडून दिले. बँकांची ॲप्सही आपापली पायरी वर उचलत जातात आणि एके दिवशी फोन धडधाकट असून पैसे जात नाहीत.

शिवाय आता सरकारी कामंही फोनमधूनच होतात. ई-पीक पाहणी २०२१पासून ॲपवर आहे. कलमं, काजू बागेत उभं राहून, फोटो काढून, सातबारावर चढवायची. रेशनची ई-केवायसी चेहरा दाखवून. लाडक्या बहिणींची ई-केवायसी २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाली, आणि ओटीपी येत नाही म्हणून महा-ई-सेवा केंद्रांवर बायकांची गर्दी झाली. या सगळ्याला भारी फोन लागत नाही. पण अँड्रॉइडची बरी आवृत्ती, जीपीएस, साफ कॅमेरा आणि जागेवर रेंज लागते. नेमक्या याच चार गोष्टी तिसऱ्या मालकाच्या फोनात अर्ध्यामुर्ध्या असतात.

नवा फोन म्हणजे फसवणुकीपासून अभय, असंही नव्हे. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक चलनाच्या नावाखाली आलेली एपीके फाइल दाबली की नवा फोनही लुटला जातो, आणि ओटीपी तोंडाने सांगणाऱ्याला कुठलंच अपडेट वाचवत नाही. तसं झालंच तर पहिला फोन १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकाला, लगेच. पण ज्या फोनची दारं तीन वर्षं कुणी लावलेली नाहीत त्यावर घरचा सगळा गल्ला ठेवणं मला पटत नाही.

आता चाकरमान्याकडे बघा. त्याच्या ऑफिसात वायफाय आहे, घरी वायफाय आहे, पावलागणिक चार्जर, स्थानकाबाहेर दहा दुरुस्तीवाले, हाकेवर बँक. त्याचा दोन वर्षांचा फोन आणखी तीन वर्षं आरामात चालेल. बॅटरी बदलली तर चार. इकडे आयेच्या फोनला खारी हवा आहे, लपंडाव खेळणारी वीज आहे, एका पट्ट्यावर लटकलेली रेंज आहे, आणि घरच्या कमाईचा सगळा भार आहे. ज्याच्या फोनवर सर्वांत जास्त अवलंबून आहे त्याला सर्वांत थकलेला फोन, अशी आपली वाटणी आहे. ती प्रेमापोटी झालेली आहे, यात शंका नाही. नवी साडी आयेला आणि जुना फोनही आयेला, यात विसंगती आहे असं कुणाला वाटतही नाही. आयाही "माका काय करूचो हा नवो" म्हणतात, म्हणजे प्रश्नच मिटला.

माझं म्हणणं असं की ही वाटणी उलटी करा. घरात पैसे असतील एकाच नव्या फोनचे, तर तो गावी जाऊ द्या. पंधरा हजारांच्या आसपासचा, आपल्या सिमचे बँड असलेला, निदान चार वर्षं सुरक्षा अपडेट देतो असं कंपनीने लेखी सांगितलेला. मुंबईतल्या माणसाने आपल्या जुन्याची बॅटरी बदलून घ्यावी आणि बीकेसीच्या रांगेचे फोटो बघावेत.

जुना फोनच द्यायचा असेल, तर निदान नीट द्या. नुसतं रीसेट मारून दिलेला फोन गावी पोचल्यावर आधीच्या मालकाचा गुगलचा पासवर्ड मागू शकतो, आणि तोवर मालक परतीच्या गाडीत बसलेला असतो. आधी खातं काढा, मग रीसेट करा, आणि यूपीआय, बँक सगळं तुमच्यासमोर आयेच्या सिमवरून चालू करून बघा. नव्या यंत्रावर यूपीआय जोडताना त्याच सिममधून एसएमएस जावा लागतो, पहिल्या २४ तासांत रकमेला मर्यादा असते. म्हणून सुट्टीतल्या शनिवारी हा खेळ मांडू नका. बाजारातून वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय बघा, केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक लिहून १४४२२वर एसएमएस करा. चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर लगेच कळतं. आणि हडप्यातले फुगलेल्या बॅटरीचे फोन भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनी त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे, त्यांच्या केंद्रावर द्या.

दिवाळीला आलात की घरच्या फोनची तीन पानं उघडा: बॅटरीची स्थिती, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा अपडेटची तारीख. बॅटरी थकली असेल तर बॅटरी बदला. पिन सडली असेल तर पिन बदला. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल आणि त्याच फोनवर घरचे पैसे येत असतील, तर नवा घ्या, आणि तो आयेच्या हातात द्या.